अमेरिकेतली अकरावी

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षातल्या व्याख्यानमालेत, आपल्याच सभागृहात दिलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याच्या ओघातले काही भाग छपाईसाठी थोडे आवरते घेतले आहेत.)



सांस्कृतिक समितीने मला बोलायला सांगितलं आणि विषयही त्यांनीच दिला, त्यामुळे माझं काम सोपं झालं. अमेरिकेत शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांत मुलांचं काय चाललेलं असतं आणि तिथल्या कॉलेजात प्रवेश कसा मिळतो, हे घरगुती भाषेत सांगा, असं त्यांचं म्हणणं. आपल्या तिन्ही विंगमध्ये ज्यांची नातवंडं तिकडे आहेत अशी बरीच घरं आहेत. शिवाय दोन-तीन घरांत इथेच अकरावीत असलेली आणि बारावीनंतर थेट तिकडे जाऊ म्हणणारी मुलं आहेत. मी काही या विषयातला तज्ज्ञ नाही. बँकेत पस्तीस वर्षं काढली, त्यातली काही शैक्षणिक कर्जाच्या टेबलावर. आणि माझी थोरली नात न्यू जर्सीत अकरावीत असताना एप्रिल ते ऑक्टोबर असे सहा महिने आम्ही दोघं लेकीकडे होतो. तेव्हा जे जवळून पाहिलं तेवढंच सांगतो.

आधी नावांचा घोळ मिटवू. तिथे नववी ते बारावी म्हणजे हायस्कूल. नववीचा तो फ्रेशमन, दहावीचा सोफोमोर, अकरावीचा ज्युनियर आणि बारावीचा सीनियर. नात ‘ज्युनियर’ झाली असं फोनवर कळलं तेव्हा आमच्या हिला ज्युनियर केजी आठवलं होतं. आपल्याकडे अकरावी म्हणजे रेस्ट इयर. दहावीच्या बोर्डाने मुलं दमलेली असतात, अकरावीचे मार्क पुढे कोणी विचारत नाही, म्हणून ते वर्ष क्लास लावण्यात आणि कट्ट्यावर बसण्यात जातं. तिथे नेमकं उलटं आहे. अर्ज बारावीच्या सुरुवातीला जातात, म्हणजे कॉलेजच्या हातात पूर्ण वर्षाचे म्हणून जे शेवटचे मार्क असतात ते अकरावीचे. शिफारसपत्रं लिहितात ते बहुधा अकरावीचे शिक्षक. चारही वर्षांत अकरावीकडे सगळ्यात बारीक नजरेने पाहिलं जातं.

दुसरी गोष्ट, तिथे सीईटी नाही, कॅप राउंड नाही आणि मेरिट लिस्टही लागत नाही. ‘कट-ऑफ किती लागला?’ या आपल्या आवडत्या प्रश्नाला तिथे उत्तरच नसतं. प्रत्येक कॉलेज आपापलं ठरवतं. मार्क बघतात, विषय किती अवघड घेतले ते बघतात, शिक्षक काय म्हणतात ते बघतात, मुलाने स्वतःबद्दल काय लिहिलंय ते वाचतात आणि मग आपल्याला कोण हवंय ते ठरवतात. शंभर टक्के पारदर्शक म्हणता येईल असा हा कारभार नाही. आपल्या यादीत निदान शेवटच्या मुलाला किती टक्के होते ते कळतं. हार्वर्ड, स्टॅनफर्ड यांच्याकडे शंभर अर्जांमागे पाच मुलंसुद्धा घेतली जात नाहीत. उरलेल्या पंचाण्णवांत सगळे मार्क उत्तम असलेली कितीतरी असतात आणि आपण का नाही, हे त्यांना कोणी सांगत नाही. हे एकदा मनाशी पक्कं धरलं की पुढचा त्रास निम्मा कमी होतो.

परीक्षांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण लोक त्यावरच जास्त बोलतात. अकरावीच्या ऑक्टोबरात पीएसएटी नावाची सराव परीक्षा शाळेतच होते. मग एसएटी, चारशे ते सोळाशे गुणांची. आता ती संगणकावर असते आणि सव्वादोन तासांत आटोपते. तिच्याऐवजी एसीटी दिली तरी चालते. २०२० मध्ये कोविड आला तेव्हा बहुतेक कॉलेजांनी या परीक्षा ऐच्छिक केल्या. पुढे एमआयटीने २०२२ मध्ये सक्ती परत आणली, त्यामागोमाग आणखी काही नामवंतांनी आणली. उलट कॅलिफोर्निया राज्याची विद्यापीठं हे गुण मुळी बघतच नाहीत. तेव्हा ज्या कॉलेजला अर्ज करायचा त्याच्या संकेतस्थळावर त्या वर्षीचा नियम वाचावा. शेजारच्या मुलाच्या वेळी काय होतं ते धरून चालू नये. मे महिन्यात एपीच्या परीक्षा असतात, एक ते पाच गुणांच्या. कॉलेजच्या पातळीचे विषय शाळेतच शिकून त्या देतात. आमच्या नातीने तीन दिल्या. त्या पंधरा दिवसांत घरात टीव्ही बंद होता, एवढंच मला ठाऊक आहे.

आता शिफारसपत्रं. साधारण दोन शिक्षकांची आणि एक शाळेच्या समुपदेशकाचं, ज्यांना तिथे काउन्सेलर म्हणतात. तिथल्या काउन्सेलरांच्या संघटनेचंच म्हणणं आहे की एका काउन्सेलरमागे अडीचशेच मुलं असावीत. प्रत्यक्षात बऱ्याच शाळांत त्याहून जास्त असतात. एवढ्या मुलांतल्या एकीबद्दल त्या बाईंनी काय लिहावं? म्हणून शाळा अकरावीच्या अखेरीस घरी एक फॉर्म पाठवते. तुमच्या मुलीचं वर्णन करा, तिने न डगमगता पार पाडलेला एखादा प्रसंग सांगा, असे प्रश्न त्यात असतात.

इथे आपल्या मराठी घरांची पंचाईत होते. आपल्याकडे मुलांचं तोंडावर कौतुक करायची रीत नाही. दृष्ट लागते, नाहीतर डोक्यात हवा जाते. जावयांनी त्या फॉर्मवर लिहिलं, ‘कष्टाळू, आज्ञाधारक आणि मोठ्यांचा मान राखणारी.’ मी म्हटलं, अहो, हे तर बँकेच्या चारित्र्याच्या दाखल्यासारखं झालं! यावरून त्या बाईंना आपली मुलगी डोळ्यांसमोर कशी येणार? मग जेवणाच्या टेबलावर तासभर आम्ही तिचे प्रसंग आठवत बसलो. पोहण्याच्या चमूतून नाव वगळल्यावर ती वर्षभर तिथेच वेळ नोंदवायचं काम करत राहिली आणि पुढच्या वर्षी पुन्हा निवडली गेली, हे तिच्या आईलाच धड माहीत नव्हतं. तो प्रसंग फॉर्ममध्ये गेला. तुमच्या नातवंडांकडे असा फॉर्म येईल तेव्हा विशेषणं लिहू नका, प्रसंग लिहा. आणि शिक्षकांना पत्रासाठी विचारायचं ते उन्हाळ्याच्या सुट्टीआधी. सप्टेंबरात त्यांच्यापुढे रांग लागलेली असते. ते पत्र मुलाला वाचायला मिळत नाही, बरं का. तो हक्क मूल आधीच लिहून सोडून देतं. म्हणजे शिक्षक मोकळेपणाने लिहितात आणि कॉलेजही त्यावर विश्वास ठेवतं.

अर्ज बहुतेक ठिकाणी एकच चालतो, त्याला कॉमन ॲप म्हणतात. १९७५ मध्ये पंधरा कॉलेजांनी मिळून तो सुरू केला, आज हजाराहून जास्त कॉलेजं तो घेतात. दर वर्षी १ ऑगस्टला नवा अर्ज खुला होतो. त्यात शाळेबाहेरचे उद्योग लिहायला दहा जागा असतात आणि प्रत्येकाच्या वर्णनाला फक्त दीडशे अक्षरं, तीही मधल्या मोकळ्या जागा धरून. आपल्या वेळी तार करताना शब्दामागे पैसे पडायचे, तेव्हा ‘सुखरूप पोहोचलो, पत्र मागाहून’ एवढ्यात भागवायचो. हे काम तसंच आहे. तार लिहिण्याचा अनुभव असलेले आपण आजी-आजोबा इथे खरोखर उपयोगी पडतो.

नातीच्या यादीत पोहणं होतं, वाद्यवृंद होता, गावच्या वाचनालयातलं काम होतं. रविवारची मराठी शाळा नव्हती. तिकडे बऱ्याच शहरांत मंडळाच्या मराठी शाळा भरतात, बृहन्महाराष्ट्र मंडळाने त्यांच्यासाठी अभ्यासक्रमही केलेला आहे. आमची नात तिथे आधी विद्यार्थिनी होती आणि आता चार वर्षं लहान मुलांना शिकवत होती. मी विचारलं, हे का नाही लिहिलंस? म्हणाली, “आजोबा, ते काही खरं ॲक्टिव्हिटी नाहीये, ते आपलं घरातलं आहे.” दर रविवारी सकाळी दोन तास, चार वर्षं, पगार नाही, आणि ते खरं नाही! मुलांना जे सहज जमतं ते त्यांना दिसतच नाही. ते दाखवायला घरात कोणीतरी रिकामा माणूस लागतो.

आता निबंध. साडेसहाशे शब्दांची कमाल मर्यादा. अर्जातला हा एकच भाग असा की तिथे मुलाचा आवाज ऐकू येतो. पहिला मसुदा तिने भारतभेटीवर लिहिला होता, रस्त्यावरची गरिबी पाहून डोळे कसे उघडले वगैरे. इंग्रजी सुरेख होतं. काउन्सेलर बाईंनी वाचला आणि शांतपणे सांगितलं की भारतीय मुलांचे असे निबंध दर वर्षी येतात, यात तू कुठे आहेस? मुलगी दोन दिवस घुम्यासारखी बसली. तिसऱ्या दिवशी ओट्याशी आजीबरोबर केळ्यांची शिकरण करता करता विषय निघाला तो ‘ळ’चा. लहानपणी हिला ‘ळ’ म्हणता यायचा नाही. ‘शाला’, ‘बाल’, ‘केलं’. केळं मागायची तेव्हा आजी विचारायची, “काय केलंस?” नवव्या वर्षी एकदाचा ‘ळ’ जमला. आता मराठी शाळेत सहा-सहा वर्षांच्या पोरांना तीच जीभ मागे वळवायला शिकवते, आणि ज्या मुलाला जमत नाही त्याला हसू देत नाही. आजी म्हणाली, “मग हेच लिही की.” तिने तेच लिहिलं. इंग्रजीत जे अक्षरच नाही त्यावर इंग्रजीत साडेसहाशे शब्द. सात मसुदे झाले. मी फक्त पहिला आणि शेवटचा वाचला आणि एका शब्दालाही हात लावला नाही.

हे मुद्दाम सांगतोय, कारण निबंध लिहून देणारे आता इथेही आहेत आणि तिथेही. हजारो रुपये घेतात. अर्जाच्या शेवटी, हे माझं स्वतःचं लेखन आहे, अशी सही मुलाने करायची असते. कॉमन ॲपने यंत्राकडून लिहून घेतलेला मजकूरही फसवणुकीत धरला आहे. सतरा वर्षांच्या मुलाची आयुष्यातली पहिली महत्त्वाची सही खोटी पडावी, हे मला बँकेचा माणूस म्हणून पटत नाही. आणि व्यवहारात सांगायचं तर चाळिशीतल्या माणसाने लिहिलेलं सतरा वर्षांच्या तोंडी शोभतही नाही.

आता माझ्या विषयाकडे येतो, म्हणजे पैशाकडे.

कॉलेजच्या संकेतस्थळावर जो खर्च लिहिलेला असतो तो दुकानातल्या छापील किमतीसारखा. अनेक खासगी विद्यापीठांत राहण्या-जेवणासह वर्षाला ऐंशी-नव्वद हजार डॉलर असा तो आकडा आहे. पदवी चार वर्षांची. पण हा आकडा प्रत्येक घर भरतं असं नाही. घरच्या उत्पन्नाप्रमाणे मदत मिळते, आणि २०११ पासून तिथल्या कायद्याने प्रत्येक कॉलेजला आपल्या संकेतस्थळावर ‘नेट प्राइस कॅल्क्युलेटर’ ठेवावा लागतो. उत्पन्न, बचत, भावंडं ही माहिती भरली की तुमच्या घराला साधारण किती भरावं लागेल ते कळतं. अर्ध्या तासाचं काम. हे अकरावीतच करावं, कॉलेजची यादी करायच्या आधी. लोक आधी कॉलेज बघायला गाडी काढून हजार मैल जातात, टी-शर्ट विकत घेतात, आणि हिशेब नंतर करतात.

सरकारी मदतीच्या अर्जाला फाफ्सा म्हणतात. तो बारावीच्या ऑक्टोबरात सुरू होतो, पण त्यात उत्पन्न धरतात ते आदल्याच्या आदल्या वर्षाचं. हिशेब करून बघा. मूल दहावीत असतानाच्या जानेवारीपासून अकरावीच्या डिसेंबरपर्यंतचं ते वर्ष असतं. म्हणजे अर्ज भरायला बसाल तेव्हा ज्यावरून मदत ठरायची ते वर्ष होऊन गेलेलं असतं. त्या वर्षात शेअर विकून मोठा नफा झाला असेल तर तो तिथे उत्पन्न म्हणून दिसतो. त्यासाठी लवकर जागं व्हायला हवं. काही खासगी कॉलेजं याशिवाय सीएसएस प्रोफाइल नावाचा जास्त खोलात जाणारा अर्जही मागतात. निवृत्तीसाठी ठेवलेल्या खात्यांतली शिल्लक फाफ्सात धरत नाहीत, आणि ती मुलाच्या फीसाठी मोडूही नये, असं मी लेकीला सांगितलं. शिक्षणाला कर्ज मिळतं, म्हातारपणाला मिळत नाही.

लेकीच्या घरातला वाद इथेच झाला, आणि तिच्या परवानगीनेच सांगतो. तिथे ‘अर्ली डिसिजन’ म्हणून एक प्रकार आहे. नोव्हेंबरच्या सुरुवातीला एकाच कॉलेजला अर्ज करायचा आणि घेतलंत तर तुमच्याकडेच येईन, असं मुलाने, पालकाने आणि काउन्सेलरने सही करून कबूल करायचं. डिसेंबरच्या मध्याला निकाल. अशा मुलांना बरीच कॉलेजं झुकतं माप देतात, कारण जागा नक्की भरते. मदत अगदीच अपुरी मिळाली तर त्यातून सुटका मागता येते, पण चार कॉलेजांचे आकडे शेजारी-शेजारी ठेवून बघायची संधी मात्र जाते. ‘अर्ली ॲक्शन’ हा वेगळा प्रकार. त्यात निकाल लवकर कळतो आणि बंधन नसतं. नावं जवळजवळ सारखी, परिणाम वेगळे.

लेकीला वाटत होतं की बॉस्टनकडच्या एका खासगी विद्यापीठाला अर्ली डिसिजनने अर्ज करावा. मुलीचं मनही तिथे बसलं होतं. मी कॅल्क्युलेटर भरला. लेक-जावई दोघांच्या नोकऱ्या, त्यामुळे मदत जवळपास शून्य. फीवाढ धरून चार वर्षांचे साडेतीन लाखांहून जास्त डॉलर. मागे तीन वर्षांनी नातू येतोय. दुसरीकडे रटगर्स, त्यांच्याच राज्याचं विद्यापीठ, १७६६ सालचं; राज्यातल्या रहिवाशांना तिथला खर्च निम्म्याहून कमी. मी दोन्ही रकाने एका कागदावर मांडले आणि फ्रिजवर लावले. लेक चिडली. म्हणाली, “बाबा, तुम्ही आम्हाला शिकवताना असा हिशेब केला होतात का?” मी म्हटलं, “केला होता. तुला दाखवला नव्हता.” तीन दिवस घरात जेवताना फक्त भाजी कशी झालीय यावर बोलणं झालं.

चौथ्या दिवशी नातीनेच तो कागद फ्रिजवरून काढला आणि आईबाबांना समोर बसवलं. तिचा प्रश्न साधा होता. कर्ज घेतलं तर कोण फेडणार, आणि किती वर्षं? सरकारकडून विद्यार्थ्याच्या नावावर पहिल्या वर्षी साडेपाच हजार डॉलरच मिळतात. बाकीचा भार आईवडिलांवर. तिने ते ऐकून घेतलं. बंधनाचा अर्ज केला नाही. रटगर्सला आणि आणखी एका ठिकाणी अर्ली ॲक्शन, बाकी पाच जागी जानेवारीतले साधे अर्ज. आम्ही तेव्हा इकडे परत आलो होतो, निकाल फोनवर कळत गेले. दोन ठिकाणी नकार, एका ठिकाणी प्रतीक्षायादी. बॉस्टनवाल्यांनी घेतलं, पण मदतीचा एक डॉलर दिला नाही. १ मेपर्यंत एका कॉलेजला हो म्हणायचं असतं. तिने २९ एप्रिलला रटगर्सला होकार कळवला. आता तिथे तिचं पहिलं वर्ष चालू आहे. लेकीच्या मनात अजून थोडं आहे, हे मला तिच्या बोलण्यातून कळतं. नातीच्या मनात आहे का, ते मी विचारलेलं नाही.

एक गोष्ट याहून अवघड. तिकडे वाचनालयात नातीबरोबर काम करणारा एक तेलुगू मुलगा होता. वडील एच-१बी व्हिसावर, मुलगा एच-४ वर. चार वर्षांचा असताना आलेला, शाळेत पहिल्या पाचांत. पण ग्रीन कार्ड नाही, त्यामुळे फाफ्सातली सरकारी मदत नाही. काही विद्यापीठं अशा मुलांना परदेशी विद्यार्थी धरतात. आणि एकवीस वर्षं पूर्ण झाली की आईवडिलांच्या व्हिसावर राहता येत नाही, विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागतो. भारतीयांची ग्रीन कार्डाची रांग किती लांब आहे ते आपण जाणतोच. आपल्यापैकी ज्यांची मुलं अजून एच-१बीवर आहेत त्यांनी नातवंडं नववीत गेली की हा विषय काढावा. फी आणि रहिवासाचे नियम प्रत्येक राज्यात निराळे आहेत, ते तिथल्या वकिलाकडून समजून घ्यावेत.

आता इथून जाणाऱ्यांबद्दल. ती कॉलेजं नववी ते बारावी अशा चार वर्षांचे मार्क मागतात. आपल्या महाराष्ट्रात नववी-दहावी शाळेत आणि अकरावी-बारावी ज्युनियर कॉलेजात, म्हणजे कागद दोन दारांतून गोळा करायचे. आणि अकरावीत कॉलेजला न जाता फक्त क्लासला जाणारी जी मुलं आहेत, त्यांना शिफारसपत्र देणार कोण? जे शिक्षक मुलाला ओळखतच नाहीत ते काय लिहिणार? म्हणून तिकडे जायचं असेल तर अकरावीत वर्गात बसा, दोन शिक्षकांना तुमचं नाव माहीत असू द्या. आपल्याकडे काउन्सेलर नसतो, ते काम प्राचार्य किंवा वर्गशिक्षक करू शकतात. त्यांना आधी जाऊन समजावून सांगा, कारण बहुतेकांसाठी हे पहिलंच असतं. शिवाय अर्ज नोव्हेंबर ते जानेवारी आणि लगेच फेब्रुवारीत बोर्ड. निबंध दिवाळीच्या सुट्टीवर ठेवलेत तर ना निबंध धड होणार, ना बारावी.

ज्यांची ऐपत नाही अशा हुशार मुलांनी एक लक्षात ठेवावं. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲम्हर्स्ट अशी मोजकी ठिकाणं परदेशी मुलांनाही प्रवेश देताना ऐपत बघत नाहीत आणि घेतलंच तर लागेल तेवढी मदत देतात. मिळणं फार कठीण, पण श्रीमंतांसाठीच आहे असं समजून अर्जच न करणं बरोबर नाही. बाकी बहुतेक ठिकाणी परदेशी मुलाने मदत मागितली की प्रवेश अवघड होतो, हेही खरं.

कर्जाबद्दल दोनच गोष्टी. एक, बँकांच्या आदर्श योजनेत साडेसात लाखांच्या वर साधारणपणे तारण लागतं. नामांकित विद्यापीठांसाठी काही बँका विनातारण जास्तही देतात. हप्ते अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभराने सुरू होतात, पण व्याज पहिला पैसा उचलल्यापासून चढतं. जमत असेल त्यांनी ते व्याज दर महिन्याला भरत जावं. दुसरी गोष्ट माझ्या टेबलावर मी कितीदा पाहिली. कर्ज मंजूर होतं रुपयांत आणि फी असते डॉलरमध्ये. आपली सोसायटी उभी राहिली तेव्हा डॉलर पंचेचाळीसच्या आसपास होता, आता पंच्याऐंशीच्या वर गेलाय. चार वर्षांचा हिशेब आजच्या भावाने केलेल्या वडिलांना तिसऱ्या वर्षी पुन्हा बँकेत यावं लागायचं, आणि तेव्हा तारण द्यायला घर उरलेलं नसायचं, ते आधीच दिलेलं असायचं. त्यामुळे मंजुरी मागतानाच दरवर्षीची फीवाढ आणि रुपयाची घसरण दोन्ही धरा. आणि आजोबांना थेट पैसे पाठवायचे असतील तर रिझर्व्ह बँकेच्या योजनेत माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरची मुभा आहे. ठरावीक रकमेच्या वर टीसीएस कापला जातो, तो विवरणपत्रात वळता करून घेता येतो. पाठवायच्या आधी आपल्या सीएंना एक फोन करा.

शेवटी आपल्या पिढीबद्दल. डिसेंबर ते एप्रिल या काळात नातवंडांना फोन केला की ‘कुठे लागलं का?’ हा प्रश्न विचारू नका. घरात तो रोज कोणी ना कोणी विचारतच असतं. दुसऱ्या कुणाची मुलगी स्टॅनफर्डला गेल्याची बातमी तर मुळीच सांगू नका, ती त्यांना आपल्या आधी कळलेली असते. आमच्या हिने त्या चार महिन्यांत नातीला दर रविवारी फोन करून फक्त मराठी शाळेतल्या पोरांची चौकशी केली. कोणाला ‘ळ’ जमला, कोणाला नाही. नात तासभर बोलायची.

नेट प्राइस कॅल्क्युलेटर कसा भरायचा ते ज्यांना बघायचं असेल त्यांनी शनिवारी सकाळी माझ्याकडे यावं, येताना उत्पन्नाचे कागद आणि आपल्या मुलांचा फोन नंबर घेऊन यावं. सचिव मघापासून दारातून चहा आल्याची खूण करताहेत, तेव्हा प्रश्न चहा घेता घेता विचारा.